उशाशी ठेवलेली बॅटरी

ही हकिकत आमच्याच घरची आहे, त्यामुळे थोड्या संकोचानेच लिहीत आहोत.

२०२५ च्या जुलै महिन्यातील एक रात्र. पाऊस दिवसभर थांबला नव्हता. आई चार दिवस ताईकडे राहायला गेली होती आणि तिची रक्तदाबाची गोळी आमच्याकडेच राहून गेली होती. ती द्यायला आम्ही रात्री साडेदहाच्या सुमारास बोईसरला खैरापाड्याच्या बाजूच्या चाळीत पोहोचलो. दहा बाय बाराची खोली. एका भिंतीला गॅसची शेगडी, शेजारी पाण्याची पिंपे, वर पोटमाळा. खाली जमिनीवर आई झोपलेली, तिच्या कुशीत आमच्या भाच्याची चार वर्षांची मुलगी. आणि आईच्या उशापासून हातभर अंतरावर भाच्याच्या स्कूटरची बॅटरी, चार्जिंगला लावलेली. चार्जरचा लाल दिवा डोळ्यांवर येतो म्हणून आईने त्याच्यावर आपला टॉवेल टाकला होता. आम्ही टॉवेल उचलला, तर तो नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखा गरम लागला.

आम्ही काही न बोलता बटण बंद केले. भाचा पोटमाळ्यावरून खाली उतरला.

"मामा, काय केलंत हे? सकाळी सातला पार्सल उचलायचंय. अर्ध्या चार्जवर चिंचणीला जाऊन परत येता येत नाही."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. सरावली, पास्थळ, तारापूर, चिंचणी अशी त्याची रोजची साठ-सत्तर किलोमीटरची फेरी. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर गेल्यापासून जुनी मोटारसायकल परवडेना, म्हणून त्याने कर्ज काढून ही विजेची गाडी घेतली. त्या कर्जाला जामीन आम्हीच. सही करताना व्याज, हप्ता, विमा सगळे बारकाईने वाचले होते. बी.कॉम. झालेल्या, वीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला तेवढे वाचता येते. पण रात्री ही बॅटरी कुठे ठेवणार, हा प्रश्न त्या फॉर्मवर नव्हता, आणि आम्हालाही तो सुचला नाही.

मग आम्ही त्याला वसईची गोष्ट सांगितली. सप्टेंबर २०२२ मधली, आपल्याच पालघर जिल्ह्यातली. वसई पूर्वेला एका घरात रात्री स्कूटरची बॅटरी बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावली होती. घरची माणसे झोपली. पहाटे बॅटरीचा स्फोट झाला. आजीजवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि आठवडाभराने दवाखान्यात दगावला. बॅटरी जादा तापल्यामुळे हे घडले, असे तेव्हा पोलिसांनी सांगितले. त्याच वर्षी मार्चमध्ये तामिळनाडूत वेल्लोरला घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला आणि बाप व मुलगी धुरात गुदमरून गेली. सप्टेंबरमध्येच सिकंदराबादला विजेच्या स्कूटरच्या दुकानाला आग लागून वरच्या लॉजमधील आठ माणसे मेली.

आई जागी झाली होती, हे आम्हाला कळलेच नाही. ती अंधारातून म्हणाली, "त्या पोराची आजी वाचली का रे?"

"वाचली," आम्ही म्हणालो.

"मग तिचं कसलं वाचणं."

त्या रात्री बॅटरी चाळीच्या पडवीत, पत्र्याखाली, कोरड्या जागी नेऊन ठेवली आणि पुढची फेरी भाच्याने आमच्या स्कूटरवर केली. आम्ही रिक्षाने कामावर गेलो. पण असे किती दिवस चालणार? चार खोल्यांत एक मीटर, मालक ताराला हात लावू देत नाही, आणि पडवीत बॅटरी ठेवली तर चोरीला जाण्याची भीती. बॅटरी म्हणजे गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा ते निम्मी किंमत. गाडीसकट घेतली तर जीएसटी ५ टक्के, सुटी घ्यायला गेलात तर १८ टक्के. त्यामुळे गरीब माणूस ती उशाशी घेऊन झोपतो. पूर्वी माणसे दागिने उशाशी घेऊन झोपत, तसेच हे.

आम्हा तारापूरकरांना धोक्याची सवय फार. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून आमच्या दारात आहे. औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या वासावरून वारा कुठला हे लहान मूलही सांगते. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोळवडे येथील रसायन कारखान्यात स्फोट होऊन माणसे मेली, त्याचे हादरे कित्येक किलोमीटरवर जाणवले. पण हे सगळे धोके कारखान्याच्या भिंतीआडचे. त्यांना निरीक्षक असतात, निदान कागदावर तरी. हा नवा धोका स्वतःच्या पायाने चालत आपल्या खोलीत आला आणि त्याला कुणी निरीक्षकच नाही. म्हणून आम्ही ठरवले, आधी ही वस्तू समजून घ्यायची.

आमच्या वस्तीतला एक तरुण आयटीआय करून मुंबईत बॅटरी बदलून देणाऱ्या एका कंपनीत देखभालीच्या कामाला आहे. तो रविवारी गावी येतो. विहाराच्या ओट्यावर बसून त्याने आम्हाला दोन रविवारांत जे शिकवले, ते जमेल तसे येथे देतो.

बॅटरी म्हणजे एक वस्तू नव्हे, ते एक मोठे एकत्र कुटुंब आहे. भाच्याची बॅटरी ६० व्होल्ट, ३० अँपिअर-तासांची. तिच्यात बोटाएवढे सेल असतात. बारा-बारा सेलांचे सोळा गट, म्हणजे एकूण १९२ सेल. प्रत्येक गट पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, सोळा गट मिळून ६७.२ व्होल्ट. चार्जर बाहेरून फक्त ही बेरीज पाहतो. बेरीज भरली की थांबतो.

येथे आम्हाला एकदम कॉलेजातले तेरीजपत्रक आठवले. आमचे सर सांगायचे, तेरीज जुळली म्हणून खाती बरोबर आहेत असे समजू नका. एका खात्यात शंभर जास्त लिहिले आणि दुसऱ्यात शंभर कमी, तरी बेरीज जुळतेच. चूक चुकीला झाकते. बॅटरीचे अगदी तसेच. समजा पंधरा गट ४.१८ व्होल्टवर आहेत आणि एक अशक्त गट ४.४५ वर गेला आहे. बेरीज करून पाहा, ६७.१५ येते. चार्जर म्हणतो, अजून थोडी जागा आहे, येऊ द्या. आणि जो गट आधीच मर्यादेबाहेर गेला आहे, त्याच्यात आणखी वीज कोंबली जाते. अशक्त गट आधी भरतो, आधी रिकामा होतो आणि तापतोही आधी. सेलच्या आत दोन टोकांमध्ये प्लास्टिकसारखा एक पातळ पडदा असतो. तो साधारण १३० अंशांच्या आसपास वितळू लागतो. पडदा गेला की आतल्या आत शॉर्ट, त्याची उष्णता शेजारच्या सेलला, त्याची पुढच्याला. मग चार्जरची वायर काढूनही उपयोग नसतो, कारण आग आता विजेवर चालत नाही, स्वतःच्याच उष्णतेवर चालते.

हे टाळण्यासाठी बॅटरीच्या पोटात एक इलेक्ट्रॉनिक पाटी असते. तिला बीएमएस म्हणतात. ती प्रत्येक गटाचे व्होल्ट वेगवेगळे पाहते, दोन-चार ठिकाणचे तापमान पाहते, किती वीज आत जाते आणि किती बाहेर येते याचा हिशेब ठेवते आणि एका जरी गटाने मर्यादा ओलांडली तरी दार बंद करते. म्हणजे कारकूनच. २०२२ च्या आगींनंतर केंद्र सरकारने एआयएस-१५६ हे मानक कडक केले आणि ते १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. त्यानुसार नोंदणीकृत गाड्यांच्या बॅटरीत अशी पाटी, आत पाणी न शिरेल असे खोके आणि धोका होताच आवाज व दिवा देणारी सूचना हवीच. पण ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या आणि २५० वॉटच्या आतल्या ज्या गाड्यांना पासिंग लागत नाही, आणि मूळ बॅटरी मेल्यावर बाजारातून सेल जोडून आणलेल्या ज्या बॅटऱ्या आपल्या वस्त्यांत येतात, त्यांच्या पोटात कसला कारकून बसला आहे, हे कोण उघडून पाहणार?

आता बॅटरी बदलून देण्याच्या केंद्राविषयी. लोखंडी कपाट असते, त्याला खण असतात. गाडीवाला आपली रिकामी बॅटरी खणात सरकवतो, कपाट तिचा नंबर वाचते आणि दुसऱ्या खणातली भरलेली बॅटरी सोडते. दोन-तीन मिनिटांचे काम. पण त्या तरुणाचे म्हणणे असे, की खरे काम खणाचे दार बंद झाल्यावर सुरू होते. बॅटरीची पाटी आणि कपाट एकमेकांशी बोलतात. बॅटरी सांगते: माझे तापमान अमुक, गटागटांत फरक इतका, आजवर इतक्या वेळा भरले-रिकामी झाले. गाडीवरून तापून आलेली बॅटरी कपाट लगेच भरत नाही, आधी निवू देते. आजारी वाटली तर खण कुलूपबंद करते आणि ती पुन्हा कुणाच्याही गाडीत जात नाही. हे सगळे आकडे दूरच्या कार्यालयात पडद्यावर दिसत असतात. नव्या बॅटरीच्या तुलनेत तिची साठवण सुमारे ८० टक्क्यांवर आली, की तिला गाडीच्या कामातून निवृत्त करण्याचा प्रघात आहे. त्यानंतर ती घरचे दिवे वगैरे हलक्या कामाला लावतात. आणि पूर्ण निकामी झाल्यावर ती परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकावर टाकली आहे.

हे ऐकताना आम्हाला अणुवीज केंद्रात ठेक्याने जाणारी आमची माणसे आठवली. त्यांच्या छातीवर टीएलडीचा बिल्ला असतो. किरणोत्सर्ग किती लागला हे त्या बिल्ल्यावरून मोजतात आणि तो आकडा त्या माणसाच्या नावावर चढतो. ठेकेदार बदलला तरी खाते माणसाबरोबर जाते. बॅटरीचेही असेच खाते हवे, मालक बदलला तरी न पुसले जाणारे. निती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये बॅटरी बदलण्याच्या धोरणाचा मसुदा काढला, त्यात प्रत्येक बॅटरीला स्वतंत्र ओळख क्रमांक द्यावा असे सुचवले होते. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने अशा केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. गाडी बॅटरीशिवाय विकायला तर ऑगस्ट २०२० पासूनच परवानगी आहे. म्हणजे बॅटरी कंपनीची, गाडी आपली. गरिबाला हे सोयीचे वाटते, कारण महागडी वस्तू मेली तर नुकसान आपले नाही.

पण एक गोष्ट त्या तरुणाने थोडी दबकत सांगितली, आणि कार्यकर्ता म्हणून आमचे कान तिथेच टवकारले. तो पडदा बॅटरी पाहतो, तसा माणूसही पाहतो. गाडी कुठे उभी आहे, किती वेळ उभी आहे, सगळे दिसते. पैसे थकले तर दूरवरून बॅटरी बंद करता येते. गिरणीत मुकादम डोक्यावर उभा असे, तो निदान दिसायचा तरी. सुरक्षेसाठी बॅटरीवर नजर हवीच, तीत आम्हाला वाद नाही. पण त्या नजरेखाली कामगार किती यावा, हे कुणीतरी विचारायला हवे. ज्या संघटना डिलिव्हरीच्या पोरांची बाजू घेतात, त्यांनी हा मुद्दा विसरू नये.

बोईसरच्या आमच्या वस्तीत असे कपाट काही आले नव्हते, आणि कुणी आणून देईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नव्हता. वस्तीत मोजल्या तर अकरा विजेच्या गाड्या निघाल्या. म्हणजे अकरा खोल्यांत अकरा बॅटऱ्या. आम्ही बैठक बोलावली. विहारामागे एक पत्र्याची शेड होती, जयंतीचे खांब आणि सतरंज्या ठेवण्याची. ती तीन बाजूंनी मोकळी करायची, सतरंज्या हलवायच्या आणि सहा बॅटऱ्यांची जागा करायची, असे ठरले. कुणी म्हणाले, विजेचा धंदा करायला लायसन लागेल. लागत नाही. चार्जिंग केंद्र चालवणे म्हणजे वीज विकणे नव्हे, असे केंद्राने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. मात्र घरगुती मीटरवर आकडा टाकून हे करायचे नाही, यावर आम्ही हटून बसलो. महावितरणकडे गाडी चार्जिंगच्या दराचे वेगळे मीटर मागितले आणि ते मिळाले.

केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतल्या काही गोष्टी इतक्या साध्या आहेत, की त्या प्रत्येक घरात पाळता येतील. प्लग जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवा, म्हणजे साधारण कमरेपर्यंत. मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड लावायचा नाही, वायर थेट भिंतीत. आणि गळती झाली तर तात्काळ वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी हवे. आमच्या चाळींत पाहाल तर बोर्ड जमिनीवर, त्याच्या पोटात चार प्लग, आणि त्याच बोर्डावर पंखा, मोबाईल आणि स्कूटर. लेड-अॅसिडच्या जुन्या बॅटऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. चार्ज होताना त्यांच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोलीत त्या कधीच लावू नयेत.

शेड ऑगस्टअखेर सुरू झाली. त्याच महिन्याच्या ६ तारखेला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याविषयी निकाल दिला होता. माणसाने माणसाला ओढायचे, हे आता थांबणार. बैठकीत ही बातमी वाचून दाखवली तेव्हा आमची आई म्हणाली, "म्हणजे ती बॅटरी चांगल्या कामाची पण आहे म्हणा." आम्ही कुठे नाही म्हणतो?

आमच्याकडे कपाट नाही, पडदा नाही. पण आम्ही कारकून आहोत, आम्हाला वही ठेवता येते. लांब रजिस्टर घेतले. तारीख, बॅटरीचा नंबर, मालक, आली तेव्हाचे तापमान, लावल्याची वेळ, अर्ध्या तासानंतरचे तापमान, झाल्याची वेळ, तेव्हाचे तापमान, मीटरवर पडलेले युनिट, सही. तापमान मोजायला करोनाच्या काळात वर्गणीतून घेतलेली, कपाळावर धरायची ती बंदूक विहाराच्या कपाटात पडून होती. ती तापाच्या मोजणीवरून वस्तूच्या मोजणीवर बदलता येते, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. मात्र चकचकीत पत्र्यावर ती चुकीचा आकडा दाखवते, म्हणून प्रत्येक बॅटरीवर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावला आणि मोजायचे ते त्याच्यावरच. शिवाय बाहेर दिसतो त्यापेक्षा आतला आकडा जास्त असतो, हे धरूनच नियम केले. आली तेव्हा ४० अंशांच्या वर असेल तर निवू द्यायची. चार्जिंगमध्ये ४५ च्या वर गेली तर बंद. फुगलेली, पडलेली, पाण्यात भिजलेली बॅटरी घ्यायचीच नाही. धूर दिसला तर मुख्य बटण बंद करून माणसे लांब न्यायची आणि अग्निशमन दलाला कळवायचे. कुणी शूरपणा करायचा नाही, कारण तो धूर विषारी असतो आणि विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. रात्री दहापर्यंत आम्ही किंवा भाचा, पुढे दोघे तरुण पाळीने. एका चार्जचे २५ रुपये.

पहिल्या महिन्यात लोक वहीला हसले. "भाऊ, बॅटरीचा पण हजेरीपट?" पण कुणाची बॅटरी कमी वीज खाते, कुणाची लवकर तापते, यावर गप्पा रंगू लागल्या. भाच्याची बॅटरी रोज दोन युनिटच्या आसपास घेई आणि ३८ च्या पुढे जात नसे. तो मोठ्या ऐटीत सगळ्यांना आकडा दाखवी.

मग ऑक्टोबरात ती गोष्ट झाली. आमच्याच गल्लीत एक गृहस्थ आहेत, रात्री एका सोसायटीत वॉचमन आणि पहाटे दुधाच्या पिशव्यांची फेरी. त्यांची गाडी जुनी, बॅटरी मुंबईहून कुणीतरी जोडून दिलेली. वहीत त्यांच्या पानावर दर आठवड्याला युनिट उतरत होते. १.९, मग १.७, मग १.४, मग १.२. आणि शेवटचे तापमान चढत होते. ३९, ४१, ४४. बॅटरी कमी वेळात 'भरत' होती आणि जास्त तापत होती. ज्याला हिशेब कळतो त्याला हे दोन रकाने शेजारी ठेवले की पोटात गोळा येतो. आम्ही मुंबईच्या त्या तरुणाला फोनवर आकडे वाचून दाखवले. तो म्हणाला, "काका, उद्यापासून लावू नका. आतला एखादा गट गेलाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ४७ आला. आम्ही बटण बंद केले आणि सांगितले, ही बॅटरी इथे लागणार नाही, आणि घरीही लावू नका.

ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुमच्या वहीनं माझं पोट भरतं का?"

"नाही भरत."

"मग दुधाची फेरी तुम्ही मारणार?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी बॅटरी खांद्यावर घेतली आणि गेले.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. साडेअकराला उठून त्यांच्या दाराशी गेलो. ते ड्यूटीवर गेलेले. वहिनींनी दार उघडले. आत दोन मुली झोपलेल्या आणि मोरीत, पाण्याची बादली बाजूला सारून, बॅटरी चार्जिंगला लावलेली. मोरीत का, तर पेटली तर पाणी जवळ असावे म्हणून. वहिनींना भीती होती, ती त्यांनी आपल्या परीने सोडवली होती. आम्ही वसईचे नाव काढले नाही. एवढेच म्हणालो, "वहिनी, ही आजची रात्र माझ्याकडे द्या." वायर काढली, बॅटरी उचलली, विहारामागच्या मोकळ्या जागेत भिंतीपासून लांब फरशीवर नेऊन ठेवली आणि पहाटेपर्यंत खुर्ची टाकून बसलो. बंदुकीने दर पाऊण तासाने मोजत होतो. तीनपर्यंत ती निवली. काही झाले नाही. कदाचित मोरीतही काही झाले नसते, हा विचार आम्हाला त्या रात्रीही आला आणि अजूनही येतो.

महिलांच्या बचत गटाने उसने पैसे दिले, जामीन पुन्हा आम्ही. (आमच्या घरच्या मंडळींचे मत असे, की सही करायला यांचा हात फार मोकळा आहे.) पालघरला एका जाणकार कारागिराकडे बॅटरी उघडली, तेव्हा आम्हीही हजर होतो. सोळापैकी एका गटातले सेल फुगले होते, त्यांच्यावरची गुंडाळी करपून तपकिरी झाली होती. आणि पाटीची तापमान पाहणारी बारीक वायर सेलाला चिकटवलेलीच नव्हती, ती खोक्यात मोकळी लोंबत होती. आतला कारकून जिवंत होता, पण त्याच्या टेबलावर कागदच येत नव्हता. कारागिराने तो गट बदलून उपयोग नाही म्हटले. नवी, मानकाची बॅटरी घ्यावी लागली.

या सगळ्यात अकरा दिवस गेले. अकरा दिवस दूध कुणासाठी थांबत नाही. त्यांची फेरी दुसऱ्या मुलाला मिळाली आणि ती त्यांना परत मिळाली नाही. आता ते पहाटेऐवजी दुपारी एका किराणा दुकानाचे सामान पोहोचवतात, पैसे कमी मिळतात, आणि बचत गटाचा हप्ता चालू आहे. वहिनी भेटल्या की हसून बोलतात. ते बोलत नाहीत.

रोज रात्री ड्यूटीवर जाण्याआधी ते शेडमध्ये येतात. बॅटरी चौथ्या जागेवर ठेवतात. आम्ही बंदूक पुढे करण्याआधीच ती स्वतः उचलतात, काळ्या पट्टीवर धरतात, आकडा वहीत लिहितात आणि खाली सही करतात. काल ३४ होता. मग पंचवीस रुपये मोजून टेबलावर ठेवतात आणि निघून जातात.